मालवणात आईबाबांना काय दाखवू?

प्रश्न: डिसेंबरात आईबाबांना घेऊन दोन दिवस मालवणला जातोय, बाबांचे गुडघे दुखतात, काय काय झेपेल?

उत्तर: सिंधुदुर्ग सकाळीच उरका, नंतर ऊन लागतं. जेट्टीवरनं होडी मिळते, चढता-उतरताना बाबांना हात द्या. १६६४ला बांधायला घेतलेला किल्ला, दरवाजा बुरुजांच्या वळणात असा लपवलाय की होडी जवळ गेली तरी पटकन दिसत नाही. बाबांना तटावर नेऊ नका, शिवराजेश्वर मंदिर आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव बघा, चहूकडे खारं पाणी नि या विहिरी गोड्या! संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघाच, सुरमईवरून काय ओरडाआरडा चालतो! दुसऱ्या दिवशी देवबाग, जिथं कर्ली नदी समुद्राला मिळते. स्कूबा वगैरे राहू दे, त्यापेक्षा धामापूर तलाव भारी.