प्रिंट सर्व्हर कुठे ठेवावा: डोमेन कंट्रोलरवर (डीसी), जुन्या पीसीवर की वेगळ्या व्हर्च्युअल मशीनवर (व्हीएम)?

तुम्ही दिलेली माहिती अशी: बर्डीच्या ऑफिसात ३५ कॉम्प्युटर आणि ५ नेटवर्क प्रिंटर, बुटीबोरीच्या शेडमध्ये ८ कॉम्प्युटर आणि १ प्रिंटर, मध्ये व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन्ही जागा जोडणारी खासगी लाइन). एकच हायपर-व्ही होस्ट (ज्याच्यावर व्हीएम चालतात ते मशीन), त्यावर एकच व्हीएम आणि तोच डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचे लॉगिन-पासवर्ड सांभाळणारा सर्व्हर. सगळ्यांची छपाई सांभाळणारी प्रिंट सर्व्हिस त्याच्यावरच चढवायची, की रिकाम्या विंडोज १० पीसीवरून प्रिंटर शेअर करायचे?

दोन्ही नको. त्याच होस्टवर दुसरा व्हीएम उभा करा. होस्टवर हायपर-व्हीशिवाय दुसरं काम नसेल, तर विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या एका परवान्यात दोन व्हीएम बसतात.

प्रिंट स्पूलर (छपाईची कामं रांगेत लावणारी विंडोजची सर्व्हिस) सिस्टिमच्या पूर्ण अधिकाराने चालतो. २०२१ च्या 'प्रिंटनाइटमेअर' या सुरक्षेतल्या त्रुटीत हाच स्पूलर घुसखोरीची वाट ठरला. डीसी हातचा गेला की सगळ्यांचे पासवर्ड गेले, म्हणून डीसीवर ही सर्व्हिस डिसेबल्डच ठेवा. जुन्या पीसीचं म्हणाल तर शेअरिंगला एका वेळी २० कनेक्शनचीच मर्यादा आहे, तुमचे कॉम्प्युटर ४३. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला.

व्हीएमला २ कोर आणि ४ जीबी रॅम पुरे. सी ड्राइव्ह ६० जीबी, आणि स्पूल फोल्डरसाठी (छपाईची कामं तात्पुरती साठतात तो) वेगळा ४० जीबीचा डी ड्राइव्ह. छोटीशी पीडीएफही स्पूलमध्ये कित्येक पट फुगते; सी भरला तर अख्खा सर्व्हरच अडतो. फोल्डर हलवताना युजर्सना त्यावर लिहिण्याची परवानगी द्यायला विसरू नका, नाहीतर प्रिंट दिली तरी कागद येत नाही.

प्रत्येक प्रिंटरचा आयपी डीएचसीपीत (नेटवर्कवर आयपी वाटणारी सर्व्हिस) रिझर्व्ह करा. पोर्ट डब्ल्यूएसडी (विंडोज आपोआप शोधून जोडतो तो) नको, स्टँडर्ड टीसीपी/आयपी घ्या, पोर्ट नंबर ९१००. प्रिंटर चालू असूनही 'ऑफलाइन' दिसत असेल, तर पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपी स्टेटसची (प्रिंटरची अवस्था नेटवर्कवरून विचारण्याची सोय) खूण काढा.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यापायी खूप वेळ जातो. सर्व्हरची रीजन यूएस राहिली, तर नव्या क्यूचा (सर्व्हरवरची त्या प्रिंटरची रांग) कागद बहुधा 'लेटर' या अमेरिकी मापाचा धरला जातो. मग ट्रे ए४ ने भरलेला असतो, पॅनलवर दिवा लुकलुकतो, प्रिंटर लेटर कागद मागत बसतो आणि मागची सगळी कामं अडतात. रीजन भारत करा, तरी प्रत्येक क्यूच्या प्रिंटिंग डिफॉल्ट्समध्ये ए४ स्वतः निवडा. प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये बदललंत तर ते फक्त तुमच्यापुरतं राहतं.

ड्रायव्हर मोजकेच ठेवा. एकाच कंपनीचे प्रिंटर असतील तर तिचा युनिव्हर्सल ड्रायव्हर. ड्रायव्हर आयसोलेशन (ड्रायव्हर स्पूलरपासून वेगळा चालवणं) चालू केलं की एक बिघडला तरी बाकीच्या क्यू बसत नाहीत. ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून साध्या युजरला सर्व्हरवरून ड्रायव्हर घेताना अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला जातो. रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंगमधून) हा अडसर काढायचा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका. ड्रायव्हर आधीच पीसींवर टाकून ठेवा, मग प्रिंटर ग्रुप पॉलिसीने (डोमेनमधल्या सगळ्या पीसींना एकदम सेटिंग लावायची सोय) वाटा.

बुटीबोरीसाठी दुसरा सर्व्हर नको. साधी क्यू दिली तर तिथलं काम व्हीपीएनवरून बर्डीला येऊन परत बुटीबोरीला जाईल, आणि लाइन गेली की चलनंही अडतील. प्रिंट मॅनेजमेंटमध्ये त्या क्यूवर राइट क्लिक करून ब्रँच ऑफिस डायरेक्ट प्रिंटिंग चालू करा. पीसी थेट शेजारच्या प्रिंटरशी बोलतो. क्यूची माहिती त्याच्याकडे साठलेली असल्याने सर्व्हर दिसेनासा झाला तरी छपाई चालते.

आणि लेझर प्रिंटर सर्व्हरच्या यूपीएसवर जोडू नका. फ्यूजर (टोनर कागदावर वितळवून चिकटवणारा भाग) तापताना एकदम इतका करंट ओढतो की यूपीएस ओव्हरलोडने ट्रिप होऊ शकतो, आणि मग होस्टही त्याच्यासोबत बंद पडतो.