निदान कळलं, आता कुणाला सांगायचं?

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर असल्याचं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं. तो बोलतो, पण आम्ही बोललेलंच परत म्हणतो. तहान लागली की मलाच विचारतो, ‘तुला पाणी हवंय?’ मिक्सर सुरू झाला की कानांवर हात दाबून किंचाळतो. सासूबाई म्हणतात, मी नोकरीवर परत गेले आणि त्याच्या हातात मोबाइल दिला, म्हणून हे झालं. नवरा म्हणतो, कुणाजवळ बोलू नकोस, मोठा झाला की सुधारेल. समुपदेशकांनी पालकांच्या एका गटाचा नंबर दिलाय. तिथे गेले तर चारचौघांत कळेल. आणि खरं सांगू? तिथली मोठी मुलं बघायचीच भीती वाटते. काय करू?
— एक आई

उत्तर : तुमच्या पत्रातलं सर्वांत खरं वाक्य शेवटून दुसरं आहे. ते लिहिलंत, हे फार चांगलं केलंत. त्याच्याकडे येतेच, पण आधी तुमच्या मानेवरचं एक ओझं उतरवू या.

तुमच्या नोकरीमुळे तुमच्या मुलाला ऑटिझम झालेला नाही. मोबाइलमुळेही नाही. आईला दोष द्यायची ही रीत जुनी आहे. गेल्या शतकाच्या मध्यावर तर भलेभले तज्ज्ञच म्हणत होते, की आईच्या थंड वागण्यामुळे मूल असं होतं. अशा आयांना त्यांनी ‘रेफ्रिजरेटर मदर’ असं नावही दिलं होतं. स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ साली पुस्तक लिहून हा समज खोडून काढला. पुढे १९७७ मध्ये जुळ्या मुलांचा अभ्यास झाला आणि यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचं दिसलं. लसीमुळे ऑटिझम होतो, असं सुचवणारा १९९८ चा लेख तर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. सासूबाईंना हे सगळं ऐकवत बसू नका. ‘डॉक्टरांनी सांगितलंय, हे कुणाच्या चुकीमुळे होत नाही,’ एवढं शांतपणे म्हणा आणि जमलं तर पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या. तीच गोष्ट डॉक्टरांच्या तोंडून ऐकली की वेगळी वाटते. मोबाइल कमी करायचा असेल तर जरूर करा, त्याच्या झोपेला आणि बोलण्याला बरंच आहे. पण प्रायश्चित्त म्हणून करू नका.

आता ‘तुला पाणी हवंय?’ हे वाक्य. मला ते वाचून आनंद झाला. त्याला तहान लागली की तुम्ही हे विचारता आणि मग पाणी मिळतं. म्हणजे पाणी मिळवून देणारं वाक्य त्याने बरोबर हेरलंय आणि तो ते अख्खंच्या अख्खं वापरतोय. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमची पहिली सविस्तर मांडणी केली, तेव्हाही ‘मी’च्या जागी ‘तू’ म्हणणारी मुलं त्यांनी टिपली होती. त्याला चूक म्हणून टोकू नका. पाण्याचा पेला हातात देताना त्याच्या वतीने म्हणा, ‘मला पाणी हवंय.’ रोज, न कंटाळता. स्पीच थेरपिस्ट हेच काम नीट पद्धतशीर शिकवतात. त्यांनी चित्रांची कार्डं वापरायला सांगितली तर ‘मग तो बोलायचाच थांबेल’ म्हणून घाबरू नका. चित्रांमुळे बोलणं अडत नाही, कित्येक मुलांना उलट मदतच होते.

मिक्सरचंही तसंच. तो हट्ट करत नाहीये, तो आवाज त्याला खरोखर सहन होत नाही. लावण्याआधी सांगा, त्याला लांबच्या खोलीत जाऊ द्या, कानांवर हेडफोन द्या. कपड्यांचे टोचणारे टॅग, गर्दी, दात घासणं अशा बाबतीत ऑक्युपेशनल थेरपिस्टचा, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञांचा, खूप उपयोग होतो.

तुमच्या यजमानांच्या ‘सुधारेल’ या शब्दाबद्दल थोडं. मुलगा वाढेल, शिकेल, आज न येणाऱ्या कितीतरी गोष्टी त्याला येतील. पण ऑटिझम हा ताप नाही, की चार दिवस थांबलं आणि उतरला. त्याचा मेंदू जगाकडे वेगळ्या रीतीने बघतो आणि तसाच बघणार. वाट बघण्यात जातो तो त्याच्या शिकण्याचा वेळ. याउलट, घाई झालेल्या पालकांना गाठणारेही असतात. पूर्ण बरं करून देण्याची हमी देणारा कुणीही भेटला, मग तो शरीरातले धातू काढण्याचं औषध देवो, ब्लीचचे थेंब देवो की स्टेम सेलचं इंजेक्शन, तिथून निघा. यातल्या काही उपचारांनी मुलांच्या जिवावर बेतलेलं आहे.

आणि आता ती भीती. गटात मोठी मुलं दिसतील, हे खरं. एखादा पंधरा वर्षांचा मुलगा अजिबात बोलत नसेल. दुसरा कॉलेजला जात असेल आणि तुमच्याशी तासभर फक्त रेल्वेवर बोलेल. त्यातलं कुठलंही मूल तुमच्या मुलाचं भविष्य नाही. स्पेक्ट्रम, म्हणजे अनेक छटांचा पट्टा, म्हणतात तो यासाठीच. पण त्यांच्या आया तिथे असतील. शाळेत प्रवेश घेताना काय विचारायचं, मूल भर दुकानात जमिनीवर लोळलं तर बघ्यांना काय सांगायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. रडू आलं तर तिथे कारण सांगावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी एक प्रशिक्षण तयार केलंय. नऊ गटसत्रं आणि तीन घरभेटी असं त्याचं स्वरूप आहे आणि तज्ज्ञ नसलेली माणसंही तयारी करून ते देऊ शकतात. तुमच्या गटात असं काही चालतं का, विचारा. काही तास मुलाला सांभाळणारी सोय आहे का, तेही विचारा. ती चैन नव्हे. झोप न झालेली आई मुलाला फार काळ पुरी पडत नाही.

गटात जाणं म्हणजे गावभर सांगणं नव्हे. बहुतेक गट आतलं बोलणं आतच ठेवतात, पहिल्याच फोनवर तशी खात्री करून घ्या. बाकी कुणाला सांगायचं? ज्यांच्या हाती मूल सोपवता, त्यांना सांगायलाच हवं. शिक्षिका, सांभाळणाऱ्या बाई, जवळचे दोन-तीन नातेवाईक. लांब समजावू नका. ‘त्याला ऑटिझम आहे. मोठा आवाज सहन होत नाही. डोळ्यांत बघ म्हणून आग्रह करू नका. उत्तर द्यायला त्याला जरा वेळ द्या.’ एवढं पुरतं. न सांगितलं तर हीच माणसं त्याला हट्टी आणि वाह्यात म्हणतील. ते त्याच्या कानावर पडेल. परत म्हणायची सवय आहे त्याला, तो ते पाठही करेल.

यजमान आता येणार नाहीत कदाचित. वडिलांना आतून काय वाटतं, हे बोलायची सवयच नसते पुष्कळदा, त्यांना वेळ द्या. पण त्यांच्यासाठी थांबू नका. पहिल्या बैठकीला एकट्या जा, मुलालाही नेऊ नका, मागच्या खुर्चीवर बसून नुसतं ऐका. आणि थेरपीसाठी नाव अजून नोंदवलं नसेल तर या आठवड्यातच नोंदवा, कारण प्रतीक्षायादी बहुतेक ठिकाणी लांब असते.