गाऊन उलटा करून बघ

प्रश्न : मी इचलकरंजीला आयटीआयमध्ये ड्रेस मेकिंग शिकते. १९००-१९१५च्या सुमाराचे युरोपातल्या बायकांचे गाऊन मला वेड लावतात. फोनमध्ये शेकडो फोटो आहेत. आई म्हणते, "ते कोण शिवून घेणारे तुझ्याकडून? ब्लाउज नीट शिव." कोणाचं बरोबर?

उत्तर : आईचं अर्धं बरोबर आहे. असा गाऊन शिवून मागायला इचलकरंजीत गिऱ्हाईक येणार नाही. पण ब्लाउज नीट शिवायला हेच गाऊन शिकवतील. त्यासाठी त्यांची आतली बाजू बघायला हवी.

फोटोत लेस दिसते, खरी कारागिरी आत असते. १९०५च्या आसपासच्या गाऊनचा छातीवरचा भाग सैल, फुगलेला दिसतो. त्याखाली बहुतेकदा अंगाबरोबर बेतलेलं अस्तर असतं, शिवणींवर ताठ पट्ट्या, कमरेला आतून हुकांची घट्ट पट्टी. अस्तर मध्यावर बंद होतं, वरचं कापड मात्र बाजूला नेऊन वेगळ्या बारीक हुकांत अडकवलेलं. तुझ्या कटोरी ब्लाउजचा प्रश्नही हाच ना, सपाट कापड गोल अंगावर बसवायचं कसं?

मग व्हेनिसच्या मारियानो फॉर्च्युनीचा १९०७च्या सुमाराचा 'डेल्फॉस' बघ. त्यात असला सांगाडाच नाही. रेशमाच्या बारीक चुण्याच अंगाला धरून राहतात आणि कडेच्या दोरीत ओवलेले काचेचे मणी कापड खाली ओढतात. (मला विचारशील तर लेसवाल्यांपेक्षा हाच सुंदर.) १९१२ला पॅरिसमध्ये दुकान थाटणारी मादलेन व्हिओने तर लहान लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून कट शोधायची. पुढे उरेब कटाने, म्हणजे कापड तिरपं धरून कापण्याने, तिचं नाव झालं.

तूही एकच गाऊन निवड. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचा संग्रह ऑनलाइन फुकट बघता येतो. मांजरपाटात, निम्म्या मापात, आधी फक्त अस्तर शिव.

पुढचं म्हणशील तर नाटक-सिनेमाच्या वेशभूषेला जुना कट समजणारा कारागीर लागतो. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळवणाऱ्या भानू अथैया तुझ्याच जिल्ह्यातल्या, कोल्हापूरच्या. बारावी झाली असेल तर नवी मुंबईत खारघरला असलेल्या निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेची प्रवेश परीक्षा देता येते, पण फी बरीच आहे. मी तरी आधी वर्षभर एखाद्या चांगल्या ब्राइडल टेलरकडे बसायला सांगेन.

पहिला नमुना फसला तरी उसवू नकोस. तारीख घालून ठेव. दुसऱ्याशेजारी ठेवून आईला दाखव.