स्वातंत्र्य दिलंय म्हणे! (आणि डेस्पॉट, दंपती, घरधनी)

एका वाचकाचा प्रश्न आहे: "‘आम्ही सुनेला पूर्ण स्वातंत्र्य दिलंय’ या वाक्यात स्वातंत्र्य बरोबर की मुभा? आणि फिलिप पेटिट या राजकीय तत्त्वज्ञाच्या लिखाणात ‘नॉन-डॉमिनेशन’ असं सारखं येतं, त्याला मराठीत काय म्हणायचं? दमनमुक्ती चालेल का?"

पहिल्याचं उत्तर, मुभा. दुसऱ्याचं, नाही चालणार. इथेच थांबलो असतो, पण हे ‘स्वातंत्र्य दिलंय’ प्रकरण मी लग्नाच्या बैठकीत ऐकतो, टीव्हीवरच्या मुलाखतीत ऐकतो, सत्काराच्या भाषणात तर हमखास ऐकतो, आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो दानशूरपणा असतो ना तो बघून डोकंच फिरतं. जे दिलं ते उद्या काढूनही घेता येतं, मग ते स्वातंत्र्य कसलं? मुभा म्हणा, मोकळीक म्हणा, सवलत म्हणा, सगळे चांगले शब्द पडून आहेत बिचारे. मुभा मूळचा अरबी ‘मुबाह’. मुस्लिम धर्मशास्त्रात काही गोष्टी करायलाच हव्यात, काही करायच्याच नाहीत, आणि मधे ज्या केल्या तरी ठीक, नाही केल्या तरी ठीक, त्या मुबाह. मराठीत येईपर्यंत त्याला एक देणारा चिकटला, म्हणूनच या वाक्यात तो शब्द इतका फिट बसतो.

स्वातंत्र्याचे पंधरा ऑगस्टवाले अर्थ सोडतो, सगळ्यांना माहीत आहेत. मजा ‘तंत्र’मध्ये आहे. तन् म्हणजे ताणणे, तंत्र म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे, आपला ताणा. पाणिनीचं सूत्र आहे ‘स्वतन्त्रः कर्ता’, म्हणजे वाक्यातला जो स्वतंत्र तो कर्ता. त्यावर महाभाष्यात पतंजली खवचटपणे विचारतो की ज्याचं स्वतःचं तंत्र तो स्वतंत्र असं धरलं तर मग हे लागू व्हायचं फक्त विणकराला! आणि स्वतःच उत्तर देतो की बाबांनो, तंत्राचा ताणा हा एक अर्थ आणि प्रधानपणा हा दुसरा, इथे दुसरा घ्या. दोन हजार वर्षांहून जुना विनोद आहे हा, अजून ताजा वाटतो. लगेच पुढच्या सूत्रावर आणखी भारी शंका येते, ज्याला दुसऱ्याने हुकूम देऊन कामाला लावलंय तो स्वतंत्र कसा, एकच माणूस स्वतंत्रही आणि परतंत्रही हे कसं जमायचं? वैयाकरण बिचारे प्रयोजक क्रियापद सोडवतायत पण प्रश्न बघा कुठला हाताला लागला.

आणि या शब्दाचा अर्थ जुन्या लोकांना नीट कळत होता याचा पुरावा हवा तर मनुस्मृतीच बघा, सगळ्यांना पाठ असलेली ओळ, ‘न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति’. तिच्या आधी काय आहे ते मात्र लोक गाळतात. बाप लहानपणी रक्षण करतो, नवरा तरुणपणी, मुलगे म्हातारपणी. ‘रक्षति’ म्हटलंय, छळतो नाही म्हटलेलं! म्हणजे प्रेमाने सांभाळणारा माणूस डोक्यावर असला तरी त्या बाईला स्वातंत्र्य नाही, हे मनूला पक्कं ठाऊक होतं, त्याला ते तसंच हवं होतं ही गोष्ट वेगळी. आजच्या सासऱ्यांना मात्र वाटतं की छळत नाही म्हणजे स्वातंत्र्य झालं.

हाच तो पेटिटचा मुद्दा. माणूस आयर्लंडमधल्या गॉलवे परगण्यातल्या बॅलिगरचा, जन्म १९४५. मेनूथला शिकला, बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात डॉक्टरेट, डब्लिनला शिकवलं, केंब्रिजच्या ट्रिनिटी हॉलमध्ये संशोधन, मग ब्रॅडफर्डला प्रोफेसर, १९८३ला तिथून थेट कॅनबेराची ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी, २००२पासून प्रिन्स्टन आणि पुढे प्रिन्स्टन नि कॅनबेरा दोन्हीकडे. मला या सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो तरुणपणचा काळ. पाद्री घडवणाऱ्या संस्थांमध्ये त्याने काही वर्षं काढली होती, आणि वरच्यांच्या मर्जीवर जगायची सवय तिथे कशी लावली जायची हे त्याने ‘रिपब्लिकनिझम’ या आपल्या १९९७च्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगितलंय. विचार कुठून उगवला ते कळतं त्याच्यावरून.

१९५८ला ऑक्सफर्डमध्ये आयझाया बर्लिन या तत्त्वज्ञाने स्वातंत्र्यावर एक प्रसिद्ध व्याख्यान दिलं, त्यात नकारात्मक स्वातंत्र्य म्हणजे कुणी आडकाठी न करणं असा हिशोब होता, आणि पुढची कितीतरी वर्षं अभ्यासक लोक त्याच हिशोबात अडकले. पेटिट म्हणतो, गुलामाचा मालक समजा दयाळू आहे, कधी हात उगारत नाही, कुठे जायचं ते जा म्हणतो. आडकाठी शून्य. मग गुलाम स्वतंत्र झाला? रोमन कायद्यात या प्रश्नाचं उत्तर सरळ होतं, नाही, कारण तो दुसऱ्याच्या सत्तेखाली आहे, मालकाचा मूड फिरला की संपलं. ती सत्ता वापरली जाते का हा मुद्दाच नाही, ती असते हाच मुद्दा. ती असणं म्हणजे डॉमिनेशन, कुणाचीच नसणं म्हणजे नॉन-डॉमिनेशन. आणि बर्लिनला त्याने आणखी एका खिंडीत गाठलंय ते मला फार आवडतं: आडकाठी कमी होणं म्हणजे स्वातंत्र्य असेल तर मग मालकाशी गोड बोलून, त्याची हांजी हांजी करून, त्याला खूश ठेवून आडकाठी कमी करून घेतली की माणूस जास्त स्वतंत्र होतो असं म्हणावं लागेल! आता हे आपल्या सूनबाईंना लावून बघा. सासूबाईंचा मूड सांभाळत, चहा वेळेवर देत, साडी त्यांना विचारून घेत ती जे काही मिळवते त्याला बर्लिनच्या हिशोबाने स्वातंत्र्य म्हणायला लागेल. मॅथ्यू क्रेमर नि इयन कार्टर ही पेटिटच्या विरोधातली तत्त्वज्ञ मंडळी यावर म्हणतात की शेवटी हा आडकाठीच्या शक्यतेचाच प्रश्न आहे, शक्यता मोजा की झालं. मोजा खुशाल! तिच्या मनातली धाकधूक त्या गणितात कुठल्या कॉलममध्ये टाकणार?

आता मूळ गंमत, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. डॉमिनेशन हा शब्द लॅटिन ‘डोमिनुस’वरून, म्हणजे मालक, आणि डोमिनुस ‘डोमुस’वरून, म्हणजे घर. हाच डोमुस संस्कृतात ‘दम’ आहे. खोटं वाटत असेल तर ऋग्वेदाचं पहिलंच सूक्त काढा, आठवी ऋचा, ‘वर्धमानं स्वे दमे’, अग्नी स्वतःच्या घरात वाढतो. आणि या दमाचा पती म्हणजे दम्पति, घराचा मालक! वेदात तो एकवचनात एकटाही येतो, द्विवचनात आला की नवरा-बायको दोघे मिळून घराचे मालक, ‘दम्पती’. ग्रीकमध्ये हाच जोडशब्द, तेच दोन तुकडे, घर अधिक पती, ‘देस्पोतेस’ असा झाला आणि त्याचा अर्थ झाला गुलामांचा धनी, अॅरिस्टॉटल मालकाने गुलामावर चालवलेल्या सत्तेला हेच विशेषण लावतो. त्याचाच इंग्रजी डेस्पॉट. म्हणजे लग्नपत्रिकेतलं दंपती आणि जुलमी डेस्पॉट ही सख्खी भावंडं आहेत हो!!

इथे परंपरेतले वैयाकरण आडवे येतात. राजदन्तादि गणात, म्हणजे पाणिनीय व्याकरणातल्या एका शब्दयादीत, दम्पती घालून ते सांगतात की यातला ‘दम्’ हा ‘जाया’ (बायको) शब्दाच्याच जागी आलेला, म्हणजे जाया आणि पती ते दम्पती. जायाचं दम् कसं झालं? निपातनाने! म्हणजे झालं कारण झालं. त्यांच्याविषयी मला पूर्ण आदर आहे, पण घर हा ‘दम’ त्यांच्या काळापर्यंत वापरातून गेला होता म्हणून ही कसरत, आणि आजही काही जण ती व्युत्पत्ती म्हणून मिरवतात तेव्हा हसू येतं. ज्या वेदाला प्रमाण मानता त्याच्या पहिल्या पानावर घर बसलंय की राव.

(इंग्रजी ‘फ्री’ आणि आपलं ‘प्रिय’ हेही एकाच मुळाचे. घरातली प्रिय माणसं ती फ्री, उरलेले गुलाम. लॅटिनमध्येही ‘लिबेरी’, शब्दशः ‘स्वतंत्र’, म्हणजे घरातली मुलं. सगळी भानगड घरातच सुरू झालीय.)

आणि मराठीत तर दम्पतिचं शब्दशः रूप जिवंत आहे, घरधनी! घर अधिक धनी. नवऱ्याला ‘आमचे मालक’, ‘आमचं धनी’ म्हणणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी ऐकल्यात, त्या काही उपमा देत नव्हत्या, वस्तुस्थिती सांगत होत्या. पेटिटचं लाडकं उदाहरण कुठलं माहितीय? इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’मधली नोरा. नवरा टोरवाल्ड तिच्यावर जीव टाकतो, लाडाने काय वाट्टेल ते करू देतो, पण कायद्याने आणि रिवाजाने सगळी सूत्रं त्याच्या हातात. बर्लिनच्या लेखी नोराचं सगळं छान चाललंय, पेटिटच्या लेखी ती परतंत्र. हे नाटक अनंत काणेकरांनी मराठीत आणलं त्याचं नाव ‘घरकुल’, बघा, परत घर आलंच! डोमिनेशनच्या व्युत्पत्तीतलं घर, उदाहरणातलं घर आणि मराठी नाटकाच्या नावातलं घर हा योगायोग आहे असं कुणी म्हणालं तर म्हणो बापडं.

आता दमनमुक्ती का नको ते यातूनच सुटतं. दमन हे दम् म्हणजे वठणीवर आणणे, माणसाळवणे या धातूचं, त्याचे लॅटिनमधले नातेवाईक ‘दोमारे’, इंग्रजीतला ‘टेम’. घरवाला दम निराळा आणि हा निराळा, बेनवेनिस्तसारख्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने ही मुळं वेगवेगळी काढून दाखवलीयत तरी ध्वनिसाम्यावर भाळून दमन ठोकून देणारे आहेतच. पण व्युत्पत्ती राहू द्या, अर्थानेही पंचाईत आहे. दमन ही कृती आहे, लाठी चालली तर दमन. पेटिट तर लाठी न चालवणाऱ्या मालकाबद्दलच बोलतोय! म्हणजे दमनमुक्ती म्हटलं की तुम्ही गुपचूप बर्लिनकडे परत गेलात. आणखी काही विद्वान ‘वर्चस्व’ लिहितात. वर्चस् म्हणजे तेज. सामन्यावर मुंबईचं वर्चस्व होतं म्हणजे मुंबईवाले समोरच्या टीमचे धनी झाले का? वर्चस्व कर्तबगारीनेही येतं, त्यात कुणी कुणाच्या मर्जीवर जगत नाही. पेटिट ज्या तत्त्वज्ञानाला ‘रिपब्लिकन’ म्हणतो ते नावही मला फारसं पटत नाही, आपल्याकडे प्रजासत्ताक म्हटलं की सव्वीस जानेवारीचं संचलन आणि अमेरिकेत ट्रंपचा पक्ष, त्यापेक्षा इतिहासकार क्वेंटिन स्किनरचं ‘नव-रोमन’ जास्त प्रामाणिक, कारण माल सगळा रोमन कायद्यातलाच आहे.

सरकारचं राहिलं. पेटिट मालकी दोन प्रकारची मानतो आणि नावं पुन्हा लॅटिनच, खाजगी माणसाची ती ‘डोमिनियम’ आणि सरकारची ती ‘इम्पेरियम’. घरधन्यापासून वाचवायला सरकारचा कायदा लागतो, पण मग सरकारच धनी होऊन बसलं तर? म्हणून नुसतं मत देऊन भागत नाही, झालेल्या निर्णयाला आव्हान द्यायची, खडसावून विचारायची सोय कायमची लागते, त्याच्या भाषेत लोक कायद्याचे लेखकही हवेत आणि संपादकही. याचं उत्तम उदाहरण १७६६चं. ब्रिटिश संसदेने अमेरिकन वसाहतींवरचा स्टॅम्प कर रद्द केला आणि त्याच दिवशी दुसरा कायदा मंजूर झाला की वसाहतींना कुठल्याही बाबतीत बांधून टाकायचा अधिकार आमचाच आहे. कर गेला, मुभा मिळाली, धनी जागच्या जागी! स्पेनमध्ये सापातेरो पंतप्रधान झाले तेव्हा त्यांनी पेटिटचं पुस्तक जाहीरपणे डोक्यावर घेतलं, २००४ला त्याला माद्रिदला बोलावलं आणि पुढच्या निवडणुकीआधी येऊन आमचं प्रगतिपुस्तक तपास असंही सांगितलं, त्याने ते खरंच तपासलं. राजकीय तत्त्वज्ञांच्या वाट्याला असं भाग्य सहसा येत नाही. त्याची साधी कसोटीही छान आहे, समोरच्याच्या नजरेला नजर देता येते का, न घाबरता, लाचारी न करता. ही कसोटी सुनेला लावताना सासूबाईंनी बाजूच्या खोलीत थांबावं, नाहीतर निकाल खरा यायचा नाही.

तर नॉन-डॉमिनेशनला माझा शब्द ‘बिनधनीपण’. डॉमिनेशनला धनीपण. परिभाषा समित्यांना हा गावंढळ वाटेल आणि त्या ‘अनधिसत्ता’ वगैरे काहीतरी पाडतील, पाडोत, कुणाच्या तोंडी बसणार नाही. धनीपण ऐकल्याबरोबर शेतमजुराला कळतं, मोलकरणीला कळतं, ‘आमचं धनी’ म्हणणाऱ्या आजीला तर सगळ्यात आधी कळतं.

आणि जाता जाता, सत्काराच्या बातम्यांत ‘दंपत्ती’ छापणाऱ्यांनो, त्यात त एकच आहे. पती आहे तो, संपत्ती नव्हे.