बायकांच्या रोजच्या जगण्यावरच्या संथ सिनेमांत बघायचं काय?

तुम्ही विचारलंय, की या छोट्या, शांत सिनेमांत काही घडतच नाही, मग त्यात बघायचं काय? मी सांगेन, हात बघा. बाई काय बोलते यापेक्षा तिचे हात काय करताहेत आणि कालच्यापेक्षा आज त्यात काय बदललं, ते बघा.

मला हे उमगलं बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकेरमानच्या १९७५ सालच्या 'जान दीलमान'मुळे. ब्रुसेल्समधली एक विधवा, तिचा शाळकरी मुलगा आणि तीन दिवस. दुपारी घरी शरीरसुखासाठी एक गिऱ्हाईक येतं, त्या पैशांवर घर चालतं. पण तेही भांडी घासण्यासारखंच ठरल्या वेळेला. कॅमेरा जागचा हलत नाही. पहिल्या दिवशी सगळं जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. ते भांडं घेऊन ती घरभर फिरते, कुठे ठेवावं तिला सुचत नाही. मी आईबरोबर बघत होते. आई पटकन म्हणाली, "झालं! आता परत बाजारात जाणं आलं." आणि ती बाई खरंच बटाटे आणायला बाहेर पडते! सिनेमा तीन तास एकवीस मिनिटांचा आहे, मी तोवर चुळबुळत होते. आई मात्र सावरून बसली होती. २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाच्या मतदानात समीक्षकांनी हाच सिनेमा आजवरचा सर्वोत्तम ठरवला. मला ते अगदी पटतं.

पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' (२०२४) जरूर बघा. मुंबईतली मल्याळी नर्स प्रभा, नवरा जर्मनीत, त्याचा फोनही येत नाही. एक दिवस तिकडून राइस कुकर येतो, सोबत चिठ्ठी नाही. रात्री ती त्या कुकरला मिठी मारून बसते.

सुरुवात मात्र जयंत सोमलकरांच्या 'स्थळ'पासून करा. चंद्रपूरकडचं खेडं, कापूस पिकवणारा बाप, शिकणारी सविता. पाहुणे येतात, ती स्टुलावर बसते, तेच प्रश्न: नाव, शिक्षण, उंची. पुढच्या वेळी पुन्हा तेच. चौथ्यांदा ऐकताना नुसतं "नाव काय?" सुद्धा अंगावर येतं.

तो संपल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला अकरा जण बघून गेले होते." तोपर्यंत हे मला माहीतच नव्हतं.