घराण्यातून आलेला मानसिक आघात ग्रुप थेरपीने बरा होतो का?

घडलेलं पुसलं जात नाही, पण ते पुढच्या पिढीकडे जाणं थांबू शकतं. आजी-आजोबांनी सोसलेलं नातवंडांपर्यंत पोचतं ते मुख्यतः घरातल्या वागण्यातून: काही विषय काढायचेच नाहीत, सतत धास्ती, जरा काही झालं की आरडाओरडा. (जनुकांवर 'ठसा' उमटतो वगैरे जे सांगतात, त्याचा माणसांमधला पुरावा अजून वादग्रस्त आहे.)

गटाचा उपयोग इथेच होतो. 'आमच्याही घरी हेच' असं चार परकी माणसं म्हणाली की 'माझ्यातच काहीतरी खोट आहे' ही समजूत ढिली पडते. न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ याएल डॅनिएली यांनी १९७५ साली नाझी छळातून वाचलेल्यांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी असं काम सुरू केलं. वर्षानुवर्षं पाळलेलं मौन हा त्यातला कळीचा मुद्दा होता.

'फॅमिली कॉन्स्टेलेशन'च्या एकदिवसीय शिबिरांपासून मात्र मी लांबच राहीन. अनोळखी लोक तुमचे आईवडील बनून उभे राहतात, भावना उफाळून येतात आणि नंतर सावरायला बऱ्याचदा कुणी नसतं. त्यापेक्षा प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ, ठरलेले सदस्य आणि गोपनीयतेचे स्पष्ट नियम असलेला गट शोधा. फ्लॅशबॅक (जुना प्रसंग आत्ताच पुन्हा घडतोय असं वाटणं) किंवा आत्महत्येचे विचार येत असतील तर आधी वैयक्तिक उपचार, गट नंतर.