कर्मचाऱ्यांनी आणि वरिष्ठांनी सोशल मीडियावर कंपनीबद्दल लिहावं यासाठी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही एचआरमध्ये आहात, दर आठवड्याला सगळ्यांना तयार मजकूर पाठवता, तरी ठरावीक चार जण सोडले तर कोणी तो टाकत नाही, आणि आता शेअर करणाऱ्याला गिफ्ट व्हाउचर द्यायचा विचार चाललाय. व्हाउचर देऊ नका. तयार मजकूरही बंद करा. बाकी उत्तर लांबणार आहे, कारण या विषयावर माझं एका माणसाशी जुनं भांडण आहे आणि तो माणूस इथे नाही.

मी पंपांच्या सर्व्हिसमध्ये आहे. आधीच्या कंपनीत सोमवारी सकाळी मार्केटिंगकडून व्हॉट्सॲपवर मजकूर यायचा, 'अशा संस्थेचा भाग असल्याचा मला सार्थ अभिमान आहे' छापाचा. दुपारपर्यंत तोच मजकूर, तेच हॅशटॅग, स्टोअर्सपासून अकाउंट्सपर्यंत सगळ्यांच्या नावावर. एकाने तर 'येथे आपल्या विभागाचे नाव लिहावे' हेसुद्धा तसंच ठेवून पोस्ट केलं. त्यालाही भरपूर लाइक पडले, सगळे ऑफिसातल्याच लोकांचे.

त्याच काळात मी स्वतःची एक पोस्ट टाकली. एका ठिकाणी आमच्या पंपाचं बेअरिंग पुन्हा पुन्हा जात होतं. तिथल्या लोकांचं म्हणणं, बेअरिंगच निकृष्ट. उघडून पाहिलं तर बाहेरच्या रिंगवर बॉल फिरल्याचा पट्टा कडेला समांतर जायचा सोडून तिरका गेलेला. म्हणजे अलाइनमेंट चुकलेली, मोटारीचा आणि पंपाचा शाफ्ट एका रेषेत नाही. पण अलाइनमेंटचा रिपोर्ट चोख! घोळ असा होता की ती केली होती पंप थंड असताना, आणि पंपातून जाणारं तेल चांगलंच गरम. पंप तापला की त्याची केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, वर उचलली जाते, मोटार जवळपास जागच्या जागी राहते, आणि दोन शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगला मोजमापाचा डायल लावून मोठ्या कष्टाने आणलेलं शून्य चालू पंपात शून्य राहत नाही. तेवढा हिशेब धरून थंड असतानाच मोटारीखाली शिम, म्हणजे पातळ पत्रे, घालून ती वर ठेवावी लागते.

रिंगचा फोटो टाकला. ग्राहकाचं नाव नाही, जागा नाही, नेमप्लेट नाही. खाली मेंटेनन्सवाल्यांची ही रांग लागली. किती वर ठेवायची, तापल्यावर पुन्हा डायल लावता का, आमची रिंग बघून सांगा. काहींनी तर थेट इनबॉक्समध्ये येऊन कोटेशन मागितलं.

संध्याकाळी मार्केटिंग हेडचा फोन. "आपल्या प्रॉडक्टचा तुटका पार्ट जगाला दाखवताय?" मी म्हटलं, साहेब, तुटलेला नाही, झिजलाय, आणि का झिजला ते खाली लिहिलंय. "खालचं कोण वाचतं?" पोस्ट काढायला लावली. माझे मॅनेजर त्याच कॉलवर होते, तोंडातून अवाक्षर नाही. पुढच्या सोमवारी अभिमानाचा मजकूर वेळेवर आला.

त्यानंतर सर्व्हिसमधल्या कोणीही स्वतःचं काही लिहिलं नाही. परिपत्रक काढायचीसुद्धा गरज पडली नाही. तुमच्याकडे असं काही होऊन गेलंय का, हे आधी शोधा. पोस्टवर काही वाकडंतिकडं झालं तर वरचा माणूस आपल्या पाठीशी उभा राहील, एवढी खात्री लोकांना असली की ते आपणहून लिहितात.

नियम हवेत, पण ते लोकांना बरोबर घेऊन करा. आयबीएमने २००५ मध्ये ब्लॉग लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी नियम केले, ते कर्मचाऱ्यांनीच विकीवर, म्हणजे कुणालाही बदल करता येईल अशा वेब पानावर, मिळून लिहिले होते. स्वतःच्या नावाने लिहा, आयबीएमचे आहात हे लपवू नका, मत तुमचं आहे हे स्पष्ट करा, परवानगीशिवाय ग्राहकाचं नाव नको. आजही यापलीकडे फारसं काही लागत नाही. याच्या उलट ॲमेझॉनचं झालं. २०१८ मध्ये त्यांच्या गोदामांतले कर्मचारी 'ॲम्बेसेडर' म्हणून ट्विटरवर कामाचं गुणगान गायला लागले, सगळ्यांची खाती एका साच्यातली. लोकांनी यथेच्छ खिल्ली उडवली.

वरिष्ठांबद्दल थोडक्यात. साहेबांची पोस्ट एजन्सीने लिहिलीय हे शॉप फ्लोअरवरच्या माणसाला पहिल्या ओळीत कळतं. दोनच ओळी लिहू देत, पण स्वतःच्या. आणि एखाद्या फिटरच्या पोस्टखाली जाऊन कामाचा एक प्रश्न विचारू देत, व्हाउचरपेक्षा ते जास्त लागू पडतं.

कंपनी शेअर बाजारात असेल तर मात्र साहेबांनी आकड्यांपासून लांब राहावं. नेटफ्लिक्सच्या रीड हेस्टिंग्जनी २०१२ मध्ये फेसबुकवर एवढंच लिहिलं की महिन्याचं स्ट्रीमिंग १ अब्ज तासांवर गेलं, तर अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे तिथल्या शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, चौकशी लावली. पुढच्या वर्षी एसईसीनेच सांगितलं की सोशल मीडिया चालेल, पण कुठे जाहीर करणार ते गुंतवणूकदारांना आधी कळवा. इलॉन मस्कना २०१८ मधलं एक ट्वीट, टेस्ला खासगी करण्यासाठी पैसे तयार असल्याचं, केवढ्याला पडलं! त्यांना आणि कंपनीला प्रत्येकी २ कोटी डॉलर दंड, वर संचालक मंडळाचं अध्यक्षपदही सोडावं लागलं.

व्हाउचरवरून आठवलं, कर्मचाऱ्याने आपल्याच कंपनीच्या मालाची तारीफ करताना नोकरीचं नातं उघड करावं, अशी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची अपेक्षा आहे. व्हाउचर घेऊन लिहिलं तर तेही सांगायला हवं. कोण सांगणार?

हे सगळं मी कारखान्याच्या मालावरून बोलतोय. बँक किंवा औषध कंपनीत पोस्ट आधी तपासून घेतली, तर ते मला पटतं. आणि ज्याला लिहायचंच नाही त्याच्या मागे लागू नका, अप्रेझलशी तर अजिबात जोडू नका. खातं त्याचं आहे.

आमचे हेड नेहमी म्हणायचे, "इंजिनीअरला लिहिता येत नाही." तुमच्याकडेही असं म्हणणारा कोणी असेलच. त्याला एकदा ब्रेकडाउन कॉलला सोबत पाठवा, सर्व्हिस रिपोर्ट त्याच्याच हाताने लिहून घ्या, आणि त्यावर ग्राहकाची सही झाल्याशिवाय परत येऊ देऊ नका.